शुत्सन रायफल: कंपनीचं नाव, माणसाचं नाव की आणखी काही?

प्रश्न असा आलाय की एका जुन्या सिंगल शॉट रायफलच्या माहितीचं मराठी करताना 'शुएटझेन' असा शब्द लागला, ते कंपनीचं नाव आहे का बनवणाऱ्याचं, आणि सरळ 'नेमबाजीची रायफल' लिहिलं तर चालेल का.

कंपनी पण नाही आणि माणूस पण नाही. जर्मन शब्द आहे. एकवचन 'श्युत्सं', म्हणजे नेम धरून मारणारा, आणि त्याचं अनेकवचन 'श्युत्सन'. 'शुएटझेन' हे रूप स्पेलिंगमुळे झालंय, जर्मनमधला दोन टिंबांचा यू इंग्रजी टाइपात यू-ई असा लिहितात आणि मग आपण तो अक्षर अक्षर वाचतो. अमेरिकेत लोक 'शूत्सन'च्या जवळपास काहीतरी म्हणतात. त्यातला झेड खरं तर 'त्स' आहे, आपल्या चाक, चूल, चमचा मधला च, त्यामुळे मराठी माणसाला तो उच्चार करायला काहीच कष्ट नाहीत, फक्त देवनागरीत दोन्ही च एकच दिसतात म्हणून 'शुत्सन' लिहावं असं माझं मत. 'शूटझेन' मात्र नको, वाचणाऱ्याला ध्यानधारणा करून गोळी मारायचा प्रकार वाटेल :)

इंग्रजी 'शूट'शी नातं आहे का, तर आहे, दोन्ही एकाच जर्मानिक मुळातून आलेत. पण शब्द बंदुकीच्या आधीचा आहे, तिरंदाजालाही तोच, इतका की जर्मनमध्ये धनु राशीचं नावच 'श्युत्सं' आहे, आणि आता फुटबॉलमध्ये गोल मारणारा तो 'टोअरश्युत्सं'. आपला गोलंदाज नाही का तोफेवरून उठून थेट क्रिकेटच्या पिचवर आला, तसंच. गंमत म्हणजे जर्मनमध्ये 'रक्षण करणे' या क्रियापदाचं रूपही हुबेहूब हेच आहे, पण कोशात त्याचं मूळ वेगळं देतात, बांध घालणे, पाणी अडवणे या अर्थाचं. घोटाळा व्हायचं कारणही आहे, कारण मध्ययुगात शहराचं रक्षण करायला नागरिकांचे जे संघ असायचे, आधी क्रॉसबो आणि मग बंदुका घेऊन, ते श्युत्सनचेच संघ. शहर राखायचं काम गेलं, संघ राहिले, आणि वर्षाचा उत्सव राहिला, त्याला म्हणतात श्युत्सनफेस्ट. खांबावर लाकडी पक्षी लावायचा, एकेकाने गोळ्या मारायच्या, शेवटचा तुकडा पाडेल तो त्या वर्षाचा राजा, मिरवणूक, बँड, बिअर. हानोफरचा उत्सव आजही केवढा मोठा होतो.

आता रायफल यात कुठून आली. १८४८ च्या क्रांतीच्या आगेमागे ढिगाने जर्मन लोक अमेरिकेत गेले आणि जाताना हे क्लब बरोबर नेले. जिथे जर्मन वस्ती तिथे शुत्सन पार्क, आयोवातलं डॅव्हनपोर्ट घ्या किंवा न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडे न्यू जर्सीतलं. तिकडे खेळाला ठराविक रूप आलं: अंतर २०० यार्ड म्हणजे साधारण १८३ मीटर, उभं राहून, कशाचाही टेकू न घेता. टार्गेटवर पाऊण पाऊण इंचाच्या अंतराने २५ वर्तुळं, सगळ्यात आतल्याला २५ गुण, दहा गोळ्यांचे २५०. या एका कामासाठी जी बंदूक घडत गेली ती शुत्सन रायफल. जड, बारा-चौदा पौंड सहज, कारण जड नळी कमी डुलते. दस्त्याच्या टोकाला वरखाली दोन आकडे, ते खांद्याला आणि काखेत अडकतात. पुढे खाली एक दांडी आणि तिच्यावर बोंड, ते डाव्या तळहातावर ठेवायचं आणि कोपर बरगडीला टेकवायचं. चाप दोन, मागचा ओढून यंत्रणा ताणून ठेवायची, मग पुढच्याला नुसतं बोट लागलं की बार. ही असली बंदूक घेऊन कोणी शिकारीला जाणार नाही, लढाईला तर नाहीच.

मार्लिनची बॅलर्ड, विंचेस्टरची १८८५ सालची (डिझाइन जॉन ब्राउनिंगचं), स्टीव्हन्स, रेमिंग्टन-हेपबर्न, या कंपन्यांच्या सिंगल शॉट रायफली शुत्सन थाटातही मिळायच्या, म्हणजे तुमच्या माहितीत 'विंचेस्टर' आणि 'शुत्सन' शेजारी शेजारी असतील तर पहिलं कंपनीचं नाव आणि दुसरा प्रकार. आणि 'पोप' दिसलं तर ते मात्र खरंच माणसाचं नाव, हॅरी पोप, १८६१ ते १९५०, नळ्या बनवण्यातला बाप माणूस. त्याची भरायची पद्धत मला फार आवडते, कारण ती अर्धी ठासणीची आहे. दारू भरलेलं काडतूस मागून, पण शिशाची गोळी तोंडाकडून! नळीच्या तोंडावर तिचाच एक कापलेला तुकडा टोपीसारखा बसवायचा, त्यातून गोळी आत ढकलायची, मग तो तुकडा काढून बार टाकायचा. एवढा उपद्व्याप का, तर मागून ढकललेली गोळी नळीच्या खाचांत शिरताना तिच्या बुडाला शिशाचे कंगोरे येतात आणि बूड वाकडं तर गोळी भरकटते, पुढून घातली की ते कंगोरे पुढच्या बाजूला राहतात आणि बूड गुळगुळीत. बिचाऱ्याने १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि काही दिवसांतच तो भूकंप.

म्हणून 'नेमबाजीची रायफल' मला पुरेसं वाटत नाही. नेमबाजी म्हटलं की आपल्याला मावळंकर स्पर्धा आठवते (भारताची नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा, पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले दादासाहेब मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष, त्यांचं नाव), नाहीतर पॅरिसचं ब्राँझ घेणारा आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे, आणि त्यांच्याही रायफली नेमबाजीच्याच की. दस्त्याचा आकडा तर आजच्या ५० मीटरच्या रायफलीवरही दिसतो. मी 'शुत्सन रायफल' ठेवेन आणि पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच 'जर्मन-अमेरिकन क्लबांची उभ्याने मारायची जड रायफल' असं सांगून टाकेन. 'सिंगल शॉट'ला 'एकनळी' अजिबात करू नका, एकनळी म्हणजे नळी एक, शॉट कितीही असू शकतात, 'दर बाराला नव्याने भरायची' हे लांबलचक असलं तरी बरोबर आहे.

आणखी एक, अशाच माहितीत 'क्रीडमूर' पण हमखास येतं आणि लोक दोन्ही एकच धरतात. ते न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरचं मैदान, १८७३ मध्ये सुरू झालं, १८७४ मध्ये तिथेच अमेरिकेने आयर्लंडला ९३४ विरुद्ध ९३१ असं जेमतेम हरवलं, आणि त्यात एका आयरिश गड्याची गोळी बरोबर मध्ये बसली पण दुसऱ्याच टार्गेटच्या. तिथला खेळ ८०० ते १००० यार्डांचा, बहुतेक आडवं पडून, रायफल दहा पौंडांच्या आत आणि दोन चापांची चैन नाही, चाप किमान तीन पौंड जोर लागेल असाच हवा. म्हणजे शुत्सनच्या जवळजवळ उलट. तुमच्या मजकुरात वजन बारा पौंड आणि दोन चाप लिहिलं असेल तर ती क्रीडमूर नाही, मूळ लिहिणाऱ्याने काहीही म्हटलं तरी.