पदवी अर्धवट असताना जर्मनीला यावे का? नागपूरच्या एका तरुणाला उत्तर

तुम्ही कळवले आहे की अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षानंतर शिक्षण सुटले, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये चार वर्षे सॉफ्टवेअरचे काम झाले, आणि आता जर्मनीला यायचे असेल तर उरलेले वर्ष पूर्ण करण्यात अर्थ आहे का, असे विचारले आहे. माझे उत्तर असे की पदवी पूर्ण करावी. मात्र हे उत्तर लिहिताना माझे मन निर्मळ नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

प्रत्यक्ष कामात येथे पदवीचा विषय कोणी काढत नाही. म्युनिकमध्ये माझ्या शेजारी बसणारा सहकारी विद्यापीठात कधी गेलेला नाही. शालेय शिक्षणानंतर त्याने ‘फाखइन्फॉर्माटिकर’ हे तीन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण घेतले, ज्यात आठवड्याचे काही दिवस व्यवसाय शाळेत आणि उरलेले दिवस कंपनीत वेतन घेऊन काम असते. माझा कोड तो तपासतो, आणि त्याने काढलेल्या चुका बहुधा खऱ्याच असतात.

नोव्हेंबर 2023 पासून आयटीतील माणसाला पदवीशिवायही ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी कामगारांसाठीचा नोकरी व वास्तव्याचा परवाना, मिळू शकते. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि तो विद्यापीठीय पातळीचा असावा. वेतनाची मर्यादा दरवर्षी बदलते, ती सरकारी संकेतस्थळावर पाहावी. तेथे कळत नाही ते एवढेच, की पदवीधराचे काम एका प्रमाणपत्रावर भागते, तर तुम्हाला प्रत्येक महिन्याचा पुरावा उभा करावा लागेल. आपल्याकडचे अनुभवपत्र दोन ओळींचे असते: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यातून कामाची पातळी सिद्ध होत नाही. शिवाय ही वाट फक्त आयटीतील नोकरीसाठी आहे. उद्या क्षेत्र बदलावेसे वाटले, तर पदवीचा प्रश्न पुन्हा समोर येईल. अमेरिकेत जायचे ठरवलेत तर एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचा अनुभव लागतो, आणि तेथे शिक्षणाच्या एका वर्षाऐवजी अनुभवाची तीन वर्षे धरतात.

पदवी असूनही कागद छळतात, हे मात्र मला सांगितलेच पाहिजे. मी 2004 साली प्रवेश घेतला तेव्हाच्या गुणपत्रिकांवर ‘नागपूर विद्यापीठ’ असे नाव आहे. 2005 साली विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले, म्हणून पदवी नव्या नावाची. येथील एका कार्यालयात बसलेल्या बाईंना या दोन वेगवेगळ्या संस्था वाटल्या, आणि त्यांचे समाधान होईपर्यंत माझी फाइल हललीच नाही. पत्नीच्या पदवीवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, त्याचे स्पष्टीकरण तर आम्ही अजूनही दर काही वर्षांनी देत असतो. त्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर आपली शिकण्याची सारी वर्षे संशयास्पद ठरल्यासारखी वाटतात, आणि तो अपमान माझ्या मनातून गेलेला नाही.

याहून खोल सल मुलाच्या शाळेची आहे. तुम्हाला लेकरे होतील तेव्हा हे आठवेल, म्हणून सविस्तर लिहितो. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात चौथीच्या शेवटी मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल, तरच मूल थेट ‘गिम्नाझियम’मध्ये, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत जाते. येथे श्रेणीचा आकडा जितका लहान तितका चांगला. माझा मुलगा जर्मनचा एक शब्द न येता तिसरीत दाखल झाला होता. गणितात तो वर्गात पुढे होता, तरीही भाषेमुळे त्याची सरासरी 2.66 वर थांबली आणि तो ‘रेआलशूल’मध्ये, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या पातळीच्या शाळेत गेला. पुढे शाळा बदलता येते असे शिक्षिकेने समजावले, आणि ते खरेही आहे. पण ज्या वयात नागपुरातली मुले नुकती पाचवीत जातात, त्या वयात माझ्या मुलाची चाळणी झाली, हे मी आजही स्वीकारू शकलेलो नाही.

आता तो दहावीत आहे आणि त्याला माझ्या त्या सहकाऱ्यासारखे प्रशिक्षण घ्यायचे आहे. तो आनंदात आहे. प्रतापनगरहून आई फोनवर विचारते, “त्याचं इंजिनिअरिंग कुठे करणार?” आणि मी विषय बदलतो. कार्यालयात ज्या शिक्षणाचा मी मनापासून आदर करतो, तेच घरात आले की मला कमीपणाचे वाटते. म्हणून तुम्हाला पदवी पूर्ण करा असे सांगताना त्यात कायद्याचा भाग किती आणि माझ्या मनाचा किती, हे मला नीट वेगळे करता येत नाही.

एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो येतो, नोव्हेंबरात अधिक जाणवतो, आणि कामाने व भाषा शिकण्याने कमी होतो. त्यासाठी निर्णय अडवू नये.

तरीही माझे मत कायम आहे. तुमचे दोनच सेमिस्टर उरले आहेत, तेव्हा जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा अजून देता येतात का, याची चौकशी आधी विद्यापीठात करा. येत असतील तर नोकरी सांभाळून त्या द्या. येत नसतील तर थांबू नका, अनुभवाच्या वाटेने अर्ज करा. दोन्ही परिस्थितींत आताच्या कंपनीकडून सविस्तर पत्र याच महिन्यात घ्या. त्यात तुम्ही कोणती प्रणाली बांधली, कोणते तंत्रज्ञान वापरले, जबाबदारी कोणती होती आणि काम पूर्णवेळ होते का, हे तारखांसह लिहून मागा. तुमचे काम पाहिलेला व्यवस्थापक अजून त्याच कंपनीत आहे, तोवर त्याची सही मिळेल.