दुसऱ्यांकडून आणलेलं कासव चार दिवस झाले टँकमधल्या शेकायच्या दगडावर चढतच नाही, उचलून ठेवलं तर चालेल का?

नाही. अजिबात नका ठेवू. चार दिवस म्हणजे काहीच नाही.

आमच्याकडे रेड इअर्ड स्लायडर (डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव) आली ती सात वर्षांची, आधीच्या लोकांना सांभाळणं जमेना म्हणून. पहिला आठवडा नुसती हीटरच्या मागे तोंड खुपसून. आमच्या दादाचं म्हणणं, सवय लावावी लागते, मग हा रोज दोनदा तिला उचलून लॅम्पखाली ठेवणार आणि हात काढला की डुबुक. परत ठेव, परत डुबुक. मी म्हटलं अरे तुला कोणी अनोळखी घरात दंडाला धरून बसवलं तर बसशील का, तर म्हणे कासवाला काय कळतंय.

मग एक दिवस साडेसातला उठले, लॅम्प टायमरवर सातला लागतो, हॉलमध्ये पाऊल टाकलं तोच डुबुक. जाऊन बघते तर दगडावर पोटाचा ओला ठसा, बाजूला नखांचे ओले ओघळ, आणि माझ्यादेखत ते वाळत चाललेलं. म्हणजे बाईसाहेब चढत होत्या, फक्त आम्ही झोपेत असताना! त्याच दिवशी टँकच्या तीन बाजूंना कागद लावला आणि दादाला हात लावायची बंदी केली.

थर्मामीटर घातला तर पाणी २९ डिग्री, हीटर आधीच्या घरी होता तसाच. पाणीच एवढं कोमट असेल तर वर येऊन शेकायचं कशाला? रोज एकेक डिग्री कमी करत २५ वर आणलं, दगडावर ३२-३३ राहील असा लॅम्प लावला, चढ गुळगुळीत होता तिथे खडबडीत कॉर्क बसवला.

दादाची दुसरी थिअरी, खिडकीतून ऊन येतं की, बल्ब कशाला. काचेतून गरमी येते, युव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) जवळजवळ येतच नाही, आणि त्याशिवाय अंगात व्हिटॅमिन ड३ तयार होत नाही, मग कॅल्शियम कितीही घाला, अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. शिवाय बल्ब पेटतोय म्हणजे युव्हीबी देतोय असंही नसतं, सहा ते बारा महिन्यांत ते उतरतं. तुमच्याकडे कासवासोबत जुनाच बल्ब आला असेल तर आधी तो बदला.

हां, पण तिरकं तरंगत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील तर माझं ऐकून थांबू नका, कासवं बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. आणि उलट दिवसभर वरच बसून राहिलं, पाण्यात उतरेचना, तर पाणी फार गार किंवा घाण नाही ना बघा.

आमची आता मागचे दोन्ही पाय ताणून, बोटं फाकवून तासन्‌तास ऊन खात पडलेली असते, माणसं समोरून गेली तरी हलत नाही. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, मी लावली सवय.