कोण कधी बोललं, मशीनला कळतं का?

प्रश्न : आजी आणि तिच्या बहिणीच्या दोन तासांच्या गप्पा रेकॉर्ड केल्यात, व्हिस्परने (बोलणं ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर) टाइप करून घेतल्या पण सगळं एकच बाई बोलतेय असं वाटतंय, काय करू?

उत्तर : व्हिस्पर नुसते शब्द लिहितं हो, आवाज वेगळे करणं त्याचं काम नाही. पायअ‍ॅनोट नावाचं आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर वापरून बघा, फुकट आहे, ते आवाजाचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकाचा जणू ठसा काढतं, ठसा बदलला की माणूस बदलला. १९९८ मध्ये आयबीएमवाल्यांनी यासाठी बीआयसी (बेझियन इन्फर्मेशन क्रायटेरियन) नावाचं गणित लावलं होतं, शेजारचे दोन तुकडे एकाच आवाजाचे धरायचे की दोन, एवढंच ते बघायचं. पण बहिणी म्हणजे आवाज सारखेच असायचे, त्यात एकमेकींना तोडत बोलणार (आमच्याकडेही तेच), तिथे गफलत होणारच. माणसं दोनच आहेत हे पायअ‍ॅनोटला आधी सांगून टाका, आणि मधले "हं", "अगोबाई" कोणाचे ते हातानेच लावा.