तारखांवरून माणसं मोजताना

प्रश्न : ब्रिटनमध्ये इ.स.पू. ४०००च्या सुमारास शेती आली, लोकसंख्या वाढली आणि काही शतकांत घसरली, असं वाचलं. जनगणना नसताना हे कोळशावरून कसं कळतं?

उत्तर : माणसं जास्त तर चुली, खड्डे, हाडं जास्त, म्हणून कार्बन-१४च्या (अवशेषांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेल्या) तारखाही जास्त, हे मूळ गृहीतक. प्रत्येक तारीख ‘इंटकॅल२०’ वक्रावर कॅलिब्रेट करतात, म्हणजे कार्बन-वयाचं कॅलेंडरच्या संभाव्य वर्षांत रूपांतर करतात, आणि सगळ्यांच्या संभाव्यतांची बेरीज करतात. पण एकाच स्थळाच्या चाळीस तारखा तशाच घातल्या, तर लोकसंख्येऐवजी उत्खननाचा निधी मोजला जातो! म्हणून एका स्थळावरच्या १००-२०० वर्षांच्या आतल्या तारखा एका गटात टाकून त्या गटाला एकच मत देतात.

खरी गोची वक्राची. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो जवळजवळ सपाट आहे, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांचं कार्बन-वय जवळपास सारखंच येतं. २४५० ± ३० (इ.स. १९५०पासून मागे मोजलेली कार्बन-वर्षं) ही तारीख तिथे सुमारे साडेतीन शतकांवर पसरते. जिथे वक्राला तीव्र उतार, तिथे उलट खोटं शिखर उभं राहतं. त्यामुळे सलग वाढ धरून हजारेक कृत्रिम आलेख काढायचे; खरा आलेख त्यांच्या पट्ट्याबाहेर गेला, तरच चढउतार मानायचा. नमुना शक्यतो जळक्या धान्याचा घ्यावा. जुन्या खोडाच्या गाभ्यातला कोळसा तारीख शे-दोनशे वर्षं सहज मागे ढकलतो.