एमआरआय नॉर्मल, मग सुया कशाला?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. झोपेतून उठला की मान खाली टाकतो, दोन्ही हात पुढे फेकतो, असं एकामागोमाग होत राहतं. घरातले म्हणाले पोटात मुरडा येत असेल, दृष्ट काढा. सोलापूरच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढून 'वेस्ट सिंड्रोम' सांगितलं, एसीटीएचची इंजेक्शनं सुरू केली. एमआरआय मात्र नॉर्मल आला. आता सासूबाई म्हणतात, मेंदू चांगला आहे तर पोराला सुया कशाला टोचता? डॉक्टर म्हणतात, झटके राहिलेच तर बाळ दोन वर्षांचं झाल्यावर पुन्हा एमआरआय करू. परत ती किरणं, परत भूल. काय करावं?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, इंजेक्शनं बंद करू नका. बाकीचं सवडीनं वाचलंत तरी चालेल. एसीटीएच हे झटके थांबवायला दिलेलं हार्मोन आहे, ते आपल्या मनानं एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

सासूबाईंची शंका रास्त आहे, माझ्या ओपीडीतही नेहमी येते. पण वेस्ट सिंड्रोम हा तान्ह्या बाळांचा फिट्सचा आजार एमआरआयवर ठरतच नाही. तो ठरतो झटक्यांच्या तऱ्हेवरून आणि ईईजीवरून. तुमच्या रिपोर्टात बहुधा 'हिप्सॅरिदमिया' असं लिहिलेलं असेल. म्हणजे रेघा उंचच उंच, वेड्यावाकड्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही. डॉ. वेस्ट यांनी 1841 मध्ये 'लॅन्सेट'ला पत्र लिहून हे झटके कळवले, ते स्वतःच्या तान्ह्या मुलाचे. तेव्हा ईईजीही नव्हता. नुसतं नीट बघून त्यांनी लिहिलं. म्हणून म्हणते, झटके आले की मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. मला तो दहा कागदांपेक्षा उपयोगी पडतो.

एमआरआय काढतात तो कारण शोधायला. आपल्याकडे बऱ्याचदा जन्मताना बाळ गुदमरल्याच्या, नाहीतर पहिल्या दिवसांत रक्तातली साखर उतरल्याच्या खुणा सापडतात. साखरेच्या खुणा जास्त करून मेंदूच्या मागच्या भागात. कधी ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजाराच्या गाठी निघतात आणि मग औषधच बदलतं, व्हिगाबॅट्रिन आधी द्यावं लागतं. (बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट डाग असतील तर डॉक्टरांना जरूर दाखवा.) तुमच्याकडे यातलं काही दिसलं नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. झटक्यांआधी वाढ नीट होती, एमआरआय स्वच्छ आहे आणि उपचार लवकर सुरू झाले, अशी मुलं तुलनेनं बरी सावरतात. पण त्यात उपचारही आले, हे सासूबाईंना सांगा.

मग पुन्हा एमआरआय कशाला? जन्मतः मेंदूतल्या बहुतेक तंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण नसतं. वायरीवर प्लास्टिक चढावं तसं ते हळूहळू चढत जातं आणि दोन वर्षांच्या आसपास हे काम बरंचसं उरकतं. हे काम अर्धवट असताना, म्हणजे साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या बाळाच्या फिल्ममध्ये मेंदूची करडी साल आणि आतला पांढरा भाग जवळजवळ एकाच छटेचे दिसतात. त्या दोघांमधली रेघ पुसट झाली असेल, तर सालीची रचना एखाद्या ठिकाणी बिघडलेली असू शकते. त्याला कॉर्टिकल डिसप्लेजिया म्हणतात. पण अख्खी रेघच पुसट असताना तेवढाच तुकडा ओळखायचा कसा? आठव्या महिन्यात लपलेला डाग अडीच वर्षांच्या फिल्मवर स्पष्ट दिसतो, हे मी पाहिलं आहे. असा डाग सापडला आणि औषधांनी झटके थांबत नसले, तर शस्त्रक्रियेचाही विचार होतो. पहिली फिल्म किंवा सीडी मात्र जपून ठेवा. लोक नुसता कागद घेऊन येतात आणि मी चिडते.

एमआरआयमध्ये किरणं नसतात, चुंबक असतं. किरणं सीटी स्कॅनमध्ये. भुलेची काळजी मात्र योग्य आहे. आधी अंगावरचं दूध चार तास आणि वरचं दूध सहा तास बंद ठेवायला सांगतात, ते काटेकोर पाळा. बाळाला सर्दी, कफ असेल तर लपवू नका, तारीख पुढे ढकलता येते.

आणि एक. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस येईल. ती जिवंत विषाणूंची असते आणि एसीटीएचनं बाळाची प्रतिकारशक्ती उतरलेली असते, त्यामुळे ते चालू असताना लस देत नाहीत. आशाताईंना आधीच इंजेक्शनांचं सांगून ठेवा आणि लस कधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.