अडलेला प्रश्न सोडता येत नाही तेव्हा

परदेशातील पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरईची तयारी करणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: घरी गणिताचे सगळे प्रश्न सुटतात, परंतु घड्याळ लावले की डोके चालेनासे होते आणि शेवटचे प्रश्न वाचायचेही राहून जातात. यंत्र अभियांत्रिकीचा एक पदवीधर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हेच सांगत आला. आपला वेग कमी आहे, असे निदानही त्याने करून टाकले होते.

मी त्याला सराव परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ लिहून आणायला सांगितले. गणिताच्या पहिल्या विभागात 12 प्रश्नांसाठी 21 मिनिटे आणि दुसऱ्यात 15 प्रश्नांसाठी 26 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटे. त्याचे बहुतेक प्रश्न दीड मिनिटाच्या आत सुटले होते. पहिल्या विभागातील दोन प्रश्नांनी मात्र मिळून साडेअकरा मिनिटे खाल्ली होती आणि ते दोन्ही चुकले होते.

“हे सोडून पुढे का गेला नाहीस?”

“सोडायचे कसे, मॅडम? बारावीपर्यंत मी गणितात एकही प्रश्न कोरा ठेवलेला नाही.”

“आणि इथे ठेवलास तर?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तर मी हुशार नाही, असंच ना?”

क्लासमध्ये इतके महिने काढूनही हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. एका विभागातील सर्व प्रश्नांचे वजन सारखे असते, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, प्रश्नावर खूण करून त्याच विभागात पुन्हा त्याच्याकडे येता येते, हे सारे नियम त्याला तोंडपाठ होते. त्याला अडवत होती ती त्याने स्वतःच घातलेली अट: अडलेला प्रश्न सुटलाच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य. गणिताची भीती म्हणून आपण जे हाताळतो, त्याच्या मुळाशी बहुधा अशी एखादी कठोर अट असते, असे माझे ठाम मत आहे. सूत्रांची कितीही उजळणी केली तरी ती हलत नाही.

म्हणून मी त्याला उलटाच अभ्यास दिला. पुढच्या सरावात, सुटण्यासारखे वाटले तरी, पहिले तीन लांबलचक प्रश्न मुद्दाम सोडायचे, अंदाजाने पर्याय निवडून खूण करायची आणि त्या क्षणी मनात काय आले ते नंतर लिहायचे. पुढच्या भेटीत त्याने वही पुढे केली. पहिल्या प्रश्नाखाली लिहिले होते, “लाज वाटली.” तिसऱ्याखाली, “काही वाटले नाही.” विभागाचे सर्व प्रश्न त्याने प्रथमच वाचले होते आणि उरलेल्या वेळात सोडलेल्यांपैकी दोन सुटलेही होते.

याला आपल्या शालेय सवयीची जोड असते. बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण मिळतात, त्यामुळे सगळे मांडल्याशिवाय मुलांचे समाधान होत नाही. जीआरईत पायऱ्या कोणी पाहत नाही. तुलनेच्या प्रश्नात तर दोन राशींपैकी मोठी कोणती, की त्या समान आहेत, की ठरवताच येत नाही, एवढेच विचारलेले असते. 84 चे 27 टक्के आणि 27 चे 84 टक्के समोर येताच त्याने पडद्यावरचा कॅल्क्युलेटर उघडला होता, वास्तविक दोन्हींत गुणाकार एकच आहे. चलांच्या तुलनेत एखादी सोयीची संख्या घालून थांबू नये. शून्य, ऋण संख्या आणि अपूर्णांकही तपासावेत. एक्सचा वर्ग मोठा की घन, याचे उत्तर 2 घातल्यास एक येते आणि उणे 1 घातल्यास नेमके उलटे.

आणखी एक घोर बाजूला ठेवावा. पहिल्या विभागातील कामगिरीनुसार दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून दुसरा विभाग सोपा वाटला की मुले तिथेच खचतात आणि अवघड वाटला तरी घाबरतात. खरे तर अवघड वाटणे हे बहुधा पहिला विभाग चांगला गेल्याचे लक्षण असते. तो अंदाज बांधण्यात घालवलेला अर्धा मिनिटही त्याच 26 मिनिटांतून जातो.