‘मिसूरीची तडजोड’, ‘समेट’ की ‘तह’?

प्रश्न असा आहे : अमेरिकेत गुलामगिरीच्या वादावर 1820 आणि 1850 साली जी दोन मोठी ‘कॉम्प्रोमाइज’ झाली, त्यांना मराठीत काय म्हणावे? तडजोड, समेट, तोडगा आणि तह असे चारही शब्द छापलेले दिसतात. शिवाय 1820 च्या व्यवहारासाठी ‘मिसूरीची तडजोड’ हे रूप बरोबर आहे का, असेही विचारले आहे.

‘तह’ प्रथम बाजूला ठेवावा. तह दोन सत्तांमध्ये होतो. पुरंदरचा 1665 चा किंवा सालबाईचा 1782 चा तह आठवावा. 1820 साली उत्तर आणि दक्षिण या दोन सत्ता नव्हत्या, एकाच संघराज्याचे ते दोन भाग होते आणि त्यांचे प्रतिनिधी एकाच काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसत होते. तिथे ‘तह’ लिहिणे म्हणजे आपण वेगळे राष्ट्र आहोत हा दक्षिणेने 1861 साली केलेला दावा चाळीस वर्षे आधीच मान्य करून टाकणे होय. ‘समेट’ही चालणार नाही, कारण भावाभावांत समेट झाला असे आपण म्हणतो तेव्हा मनातली अढी गेली असे आपल्याला सांगायचे असते, आणि इथे अढी एक दिवसही गेली नव्हती.

‘तडजोड’ या शब्दात मात्र दोन्ही बाजूंनी काही सोडणे आणि काही मिळवणे येते, म्हणून 1820 च्या व्यवहाराला तो नेमका बसतो. त्या वेळी गुलामगिरी असलेली 11 आणि नसलेली 11 राज्ये होती, आणि मिसूरी या प्रदेशाला गुलामगिरीसह नवे राज्य म्हणून प्रवेश दिला असता तर, प्रत्येक राज्याला सारख्या जागा असलेल्या सिनेट या वरिष्ठ सभागृहातला तोल बिघडला असता. म्हणून मेन हे गुलामगिरीमुक्त राज्य जोडीला घेतले गेले आणि लुइझियाना खरेदीतून (1803 साली फ्रान्सकडून) मिळालेल्या उरलेल्या प्रदेशात, मिसूरी वगळता, 36 अंश 30 मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घालण्यात आली. माजी अध्यक्ष वृद्ध थॉमस जेफरसनने त्याच वर्षीच्या एका पत्रात या वादाला रात्री वाजणाऱ्या आगीच्या घंटेची उपमा दिली आणि हा अंतिम निकाल नव्हे, शिक्षेला मिळालेली केवळ तहकुबी आहे, अशा आशयाचे लिहिले. ‘तहकुबी’ हा आपला कचेरीतला शब्द त्याच्या म्हणण्याला किती चपखल बसतो, हे लक्षात आल्यापासून मला तो विसरता येत नाही.

1850 चे प्रकरण अधिक अवघड आहे. तेव्हाचा मुख्य वाद मेक्सिकोकडून मिळालेल्या नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी का, हा होता. सिनेटर हेन्री क्लेने मांडलेल्या योजनेतली बरीच कलमे एकाच विधेयकात बांधली गेली आणि ते विधेयक जुलैत सिनेटमध्ये कोसळले. मग सिनेटर स्टीफन डग्लसने त्याचे तुकडे करून प्रत्येकासाठी वेगळे बहुमत जुळवले. या युक्तीला ‘तोडगा’ म्हणणे अगदी योग्य आहे, कारण तोडगा अडलेल्या गाड्यासाठी असतो, मतभेद मिटवण्यासाठी नव्हे. बहुतेक सभासदांनी आपल्या बाजूच्या कायद्यांनाच मते दिली आणि दोन्ही बाजूंच्या सर्व कायद्यांना होकार देणारे फार थोडे निघाले. म्हणूनच डेव्हिड पॉटर या इतिहासकाराने याला तडजोड न म्हणता युद्धविराम म्हणणे पसंत केले. तरीही रूढ नावाचे भाषांतर करताना ‘1850 ची तडजोड’ असेच लिहावे आणि ही शंका पुढच्या वाक्यात स्पष्ट मांडावी, असे माझे मत आहे. भाषांतरकाराने नावातच निवाडा देऊ नये.

आता षष्ठीविषयी. ‘वसईचा तह’ म्हणताना वसई हे तह झाल्याचे ठिकाण असते, तर मिसूरी हा वादाचा विषय होता. व्यवहार झाला तो वॉशिंग्टनमध्ये. ‘मिसूरीची तडजोड’ वाचणाऱ्याला ती मिसूरीत झाली किंवा मिसूरीने केली, असे वाटू शकते. त्यामुळे ‘मिसूरीविषयक तडजोड’ हे रूप अधिक निर्दोष आहे.

मला सर्वांत खटकतो तो ‘गुलामांच्या प्रश्नावर तडजोड झाली’ हा प्रयोग. मराठीत तडजोड कोणाकोणात झाली हे सांगावे लागते आणि या वाक्यात तेच गाळलेले असते. आपल्या हिश्शातले काही सोडले तर ती तडजोड. इथे ज्यांचे आयुष्य सोडून दिले गेले, त्यांना बैठकीत जागाच नव्हती. 1850 च्या तडजोडीतल्याच, पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्याचे एक कलम पाहावे : पकडून आणलेल्या माणसाला मालकाच्या हवाली करण्याचा आदेश दिला तर निकाल देणाऱ्या सरकारी आयुक्ताला 10 डॉलर मेहनताना आणि त्याला मोकळे सोडले तर 5 डॉलर. हवाली करताना कागदपत्रांचे काम जास्त पडते, असे त्याचे कारण सांगितले जाई. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याचीही मुभा नव्हती.

म्हणून वाक्य असे लिहावे : ‘गुलामगिरीच्या विस्ताराविषयी उत्तरेकडील व दक्षिणेकडील गोऱ्या लोकप्रतिनिधींमध्ये 1820 साली तडजोड झाली, आणि 1854 च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने तिच्यातली अक्षांशाची अट रद्द केली.’ वाक्य लांबते हे खरे, पण तडजोड कोणी केली आणि कशाविषयी केली, हे दोन्ही त्यात राहते.